दादाचा अबोला

३ ऑक्टोबर, मंगळवार

आज दुपारी दादाने डोळे उघडले. नर्सने विचारलं, "काका, नाव सांगा बघू." त्याने आधी नाकावरचा मास्क चाचपला, मग मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि खरखरीत आवाजात म्हणाला, "बारके, रेकॉर्डिंग चालू आहे का?"

मी हसले आणि मग अशी काही रडले, की नर्सने त्याला सोडून मलाच खुर्चीत बसवलं. वहिनीने त्याचा हात धरून ठेवला होता. माझ्याकडे तिने पाहिलं नाही. परवापासून पाहिलेलं नाही.

मी लिहिणारी बाई नव्हे. लोकांचे आवाज टिपण्यात उभा जन्म गेला, स्वतःच्या चार ओळी लिहायची वेळ कधी आली नाही. पण जे झालं ते कोणापुढे बोलायची सोय नाही, म्हणून दवाखान्यासमोरच्या दुकानातून ही वही आणली. एकदा सरळ लिहून टाकते.

आमचा स्टुडिओ आमच्याच इमारतीच्या तळघरात. पहिल्या मजल्यावर मी एकटी, दुसऱ्यावर दादा आणि वहिनी. दादा पुस्तकं वाचतो, मी रेकॉर्ड करते, लोक कानाला लावून ऐकतात. गेल्या आठवड्यात रस्त्यावरचा ट्रान्सफॉर्मर जळला आणि वीज गेली. इकडे दीपगृहाच्या रखवालदारावरची जाडजूड कादंबरी अर्धी व्हायची होती आणि प्रकाशक मानगुटीवर बसला होता. म्हणून जनरेटर भाड्याने आणला. तो मागच्या अंगणात ठेवला, तर त्याची घरघर रेकॉर्डिंगमध्ये यायला लागली. दुसऱ्या कोणाला ऐकूही आली नसती. मला आली. या कानांचा मला फार तोरा आहे.

रविवारी मी तो जनरेटर ओढत आत आणला आणि स्टुडिओमागच्या अडगळीच्या खोलीत ठेवला. खिडकी लावून घेतली. दाराच्या फटीत गोधड्या कोंबल्या. हवेचा पंखा गुणगुणतो म्हणून तोही बंद केला. मुंगी चालली तरी ऐकू येणार नाही अशी खोली केली आणि स्वतःवर खूश झाले. आवाज आत आला नाही. धूर मात्र हवेच्या नळीतून थेट दादाच्या काचेच्या खोलीत गेला. त्यातल्या विषारी वायूला वास नसतो, असं डॉक्टर म्हणाले.

मी तेव्हा वर होते. दुसरी केबल आणायला गेले आणि प्रकाशकाचा फोन आला. त्याच्याशी मुदतीवरून मनसोक्त भांडले. खाली आले तर काचेपलीकडे दादाचं डोकं पुस्तकावर. मी बटण दाबून माइकवर म्हटलं, "महाराज, कादंबरी कंटाळवाणी आहे हे मान्य, पण वाचणाऱ्याने तरी जागं राहावं!" आणि हसत उभी राहिले. मग आवाज मोजणाऱ्या मीटरकडे लक्ष गेलं. माणूस झोपला तरी श्वासाने काटा हलतो. तो जेमतेम हलत होता.

पुढचं तुटक आठवतं. माझी ओरड ऐकून तळमजल्यावरचा शिंपी धावत आला आणि आम्ही दोघांनी दादाला बगलेत हात घालून जिन्यावरून ओढत वर नेलं.

आज तो बोलला. एवढंच आजचं.

८ ऑक्टोबर, रविवार

दादा घरी आला. निघताना डॉक्टरांनी सांगितलं, "पुढचे काही आठवडे लक्ष ठेवा. वागण्यात फरक वाटला, तर वाट बघत बसू नका, घेऊन या."

दादा म्हणाला, "डॉक्टर, सुधारलो तरी आणायचं का?"

डॉक्टरसुद्धा हसले. हा माणूस मरणाच्या दारातून आला तरी तोंड काही बंद व्हायचं नाही.

संध्याकाळी मी वर गेले. वहिनी ओट्यापाशी पाठमोरी होती. पोस्टाच्या खिडकीवर उभं आयुष्य काढलेली ही बाई, मोजकंच बोलते. म्हणाली, "काम काम म्हणून त्याला त्या भोकात कोंडलंस. एक दिवस थांबली असतीस तर काय बिघडलं असतं?"

दादाच आतून ओरडला, "अगं, तिचा काय दोष? तिच्या कानांचा दोष आहे. कान पकडून शिक्षा करायची तर जागा तयारच आहे!" आणि स्वतःच हसत सुटला.

मीही हसले. पण खाली आल्यावर ते वाक्य मनात रुतून बसलं. दादा खरं बोलायचं असलं की चेष्टेतच बोलतो, लहानपणापासून.

१६ ऑक्टोबर, सोमवार

वीज आली. जनरेटर परत गेला. भिंतीला झरोक्याची मोठी जाळी बसवून घेतली, तिच्यातून रस्त्यावरच्या सायकलींच्या घंट्या आत येतात. येऊ देत.

मी दादाला अजून महिनाभर आराम कर म्हणत होते, पण तो स्वतःच खाली आला. "वर बसून तुझ्या वहिनीच्या मालिका बघतोय. त्यापेक्षा तो विषारी वायू बरा." आणि काय वाचलं! रखवालदाराची बायको बोटीतून उतरते आणि दिव्याकडे न बघता त्याच्याकडे बघते, तो प्रसंग. मी खुर्चीत हलले नाही. दोन्ही पानं एका दमात, एकही चूक नाही. शेवटी नेहमीप्रमाणे आम्ही खोलीची शांतता रेकॉर्ड केली. वाचणाऱ्याने गप्प बसून राहायचं आणि मी नुसती खोली टिपायची, पुढे जोडकामाला लागते. दादाला ते कधी जमत नाही. मध्येच घसा खाकरतो, नाहीतर मला काचेतून वेडावून दाखवतो. आज नाक वर करून डुकराचं तोंड केलं. वय एकसष्ट.

माझ्या जिवात जीव आला. सुटलो आपण, असं वाटलं.

२४ ऑक्टोबर, मंगळवार

दादाचं वाचन पडलंय. शब्द बरोबर, उच्चार बरोबर, पण रखवालदार मेला काय आणि जेवला काय, दोन्ही एकाच सुरात. मी म्हटलं, "दादा, जरा जीव ओत." तो "बरं" म्हणाला आणि पुन्हा तसंच वाचलं.

वाक्यावाक्यात थांबतोय. एडिटिंगला बसले तर स्क्रीनवर मोकळ्या जागाच जागा. कापून कापून बोटं दुखली. गेल्या आठवड्याचं प्रकरण मी चहा गार व्हायच्या आत साफ केलं होतं.

आज शांतता रेकॉर्ड करताना पहिल्यांदाच तो अगदी गप्प बसला. खाकरला नाही, वेडावलं नाही. मी बटण बंद केल्यावरही तसाच बसून होता. मी म्हटलं, "झालं, उठा." तेव्हा उठला.

२६ ऑक्टोबर, गुरुवार

काहीतरी बिनसलंय आणि ते माझ्याशी बिनसलंय. मी विनोद केला तरी तो हसत नाही. कालपर्यंत माझी बोलती बंद करणारा माणूस आता मी बोलत असताना माझ्या खांद्यामागच्या भिंतीकडे बघतो. शिंप्याने जिन्यात "कसं काय दादा?" विचारलं, तर त्यालाही उत्तर नाही. शिंप्यावर कशाला राग काढायचा?

वहिनीने कान भरले असणार. दिवसभर घरात पडून राहिला, डोक्यात तेच तेच फिरलं असेल. हिने मला जवळजवळ मारलंच होतं, आणि एका शब्दाने माफी मागितली नाही. खरंच मागितली नाही. रोज मागायची ठरवते आणि रोज रखवालदार आडवा येतो.

२७ ऑक्टोबर, शुक्रवार

आज भडका उडाला. उडाला तो माझाच.

एकच परिच्छेद पुन्हा पुन्हा वाचून घेत होते. माझा आवाज चढत होता, कळत होतं. मध्येच दादाने हेडफोन काढला, उठला आणि काही न बोलता चालायला लागला. दार उघडंच टाकून. दादाने! दाराची फट राहिली तर जो मला तासभर ऐकवतो, त्याने.

मी जिन्याच्या तोंडाशी त्याला गाठलं. म्हटलं, "मनात आहे ते एकदा बोलून टाक. जनरेटर मी आत आणला, त्याचा राग आहे ना?"

तो माझ्याकडे बघत राहिला. चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही. मग म्हणाला, "हं."

"माझ्यामुळे मेला असतास, असंच ना?"

"हं."

आणि वर निघून गेला.

तर आलं बाहेर. मी तिथेच पायरीवर बसले. त्याने शिव्या घातल्या असत्या तर पाया पडले असते. पण "हं"? जिच्याशी दोन शब्दही बोलावेसे वाटत नाहीत, तिला "हं".

ठीक आहे. अबोला आमच्या घराण्यात पिढीजात आहे. बाबा आणि काका एकाच घरात राहून वर्षानुवर्षं बोलले नाहीत, निरोप आईमार्फत जायचे. दादा आणि मी शाळेत असताना सायकलवरून उभी सुट्टी बोललो नव्हतो, एका ताटलीतलं बिस्किटही निम्मं करून तोंड फिरवून खायचो. त्याला अबोला धरता येतो तर मलाही येतो.

३० ऑक्टोबर, सोमवार

स्टुडिओ बंद. तो खाली आला नाही, मी वर गेले नाही.

जिन्यात समोरासमोर आलो. मी भिंतीकडे सरकले. तो कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होता, पाय उचलायचे सोडून फरशीला चिकटल्यासारखे घासत. बुटाच्या नाड्या सुटलेल्या. सगळ्या इमारतीला दिसावं की बहिणीने काय करून ठेवलंय. बारा गावांचं पाणी प्यालेला वाचक आहे तो, नाटक जमणारच.

माझ्या अंगावरून गेला. मीही ओठ मिटून घेतले.

१ नोव्हेंबर, बुधवार

शिंपी म्हणाला, "ताई, दादा काल दुकानात आले. मला वाटलं, मापं द्यायला आले असतील. नुसते उभे राहिले. बसा म्हटलं तर बसले. मग वहिनी येऊन घेऊन गेल्या. बरं नाही का त्यांना?"

मी म्हटलं, "त्यांना मी बरी नाही."

शिंप्याला कळलं नाही. त्याने मान हलवली आणि मशीन चालू केलं.

वरच्या गॅलरीत चादरी वाळत घातल्या होत्या. परवाही होत्या. वहिनीला कामाच्या दिवशी सकाळी सकाळी साफसफाई सुचतेय. रागावली की ती कपडे धुते, हे मला ठाऊक आहे.

४ नोव्हेंबर, शनिवार

आज पावलं माझ्या दारापाशी थांबली.

मी आत स्वयंपाकघरात होते. ती घासत येणारी पावलं ओळखली आणि नळ बंद केला. पाय न वाजवता दारापर्यंत गेले. आमच्या दोघांमध्ये फक्त ती फळी. त्याचा श्वास ऐकू येत होता, म्हटलं ना, कान आहेत मला. बेल वाजव, म्हटलं मनात. नुसतं बोट टेकव, मी दार उघडते आणि सगळं मिटवते. माफी मागते, गळ्यात पडते, काय हवं ते करते. पण तू बेल वाजव.

तो बराच वेळ उभा होता. मग वरून वहिनीची हाक आली आणि तो गेला.

आधी बोलेल तो हरला, हा आमचा लहानपणचा कायदा. पण आज जिंकल्यासारखं काही वाटलं नाही.

७ नोव्हेंबर, मंगळवार

दवाखान्यात आहे. मांडीवर वही ठेवून लिहितेय, अक्षर वाचता येईल का ठाऊक नाही.

सकाळी वहिनीने दार धडधडवलं. केस विस्कटलेले, अंगावर कामावर जायची साडी, पदर भिजलेला. "वर चल," एवढंच म्हणाली.

दादा पलंगाच्या कडेला बसला होता. स्वेटरच्या एका बाहीत हात, दुसरी बाही लोंबत. समोर भिंत. मोरीतला नळ सुरू, पाणी पार खोलीत आलेलं, त्याचे पाय त्या पाण्यात. आणि तो ओला होता. नळाने नव्हे.

मी म्हटलं, "दादा." त्याने बघितलं नाही. "दादा, मी बोलतेय ना! ए दादा!" मी त्याचं तोंड दोन्ही हातांनी माझ्याकडे वळवलं. डोळे माझ्यावर आले, पण मी त्यांच्यात नव्हते.

वहिनी मागे उभी राहून बोलत होती, थांबतच नव्हती. "आठ-दहा दिवस झाले, रोज चादर भिजते. कोणाला सांगू? त्याला किती लाज वाटेल म्हणून कोणाला बोलले नाही. घास हातात धरून बसतो. मला वाटलं, तू बोलत नाहीस म्हणून त्याने मनाला लावून घेतलंय. तुझ्यापायी खंगतोय असं वाटलं. तू एकदा वर आली असतीस तर..."

"मला वाटलं, तो माझ्याशी बोलत नाही," मी म्हटलं.

महिन्यात पहिल्यांदा वहिनीने माझ्याकडे नीट पाहिलं असेल. मग ती खाली वाकून त्याचे पाय पुसायला लागली आणि मी शिंप्याला हाक मारायला धावले.

९ नोव्हेंबर, गुरुवार

मेंदूच्या डॉक्टरांनी आम्हाला बसवून समजावलं. तरुण आहेत, पण घाई करत नाहीत.

मेंदूला प्राणवायू कमी पडला की कधी कधी असं होतं. माणूस शुद्धीवर येतो, हिंडतो-फिरतो, काम करतो, सगळ्यांना वाटतं संकट टळलं. आणि काही आठवड्यांनी दुसरा घाव बसतो. "मेंदूत तारांचं जाळं असतं समजा. तारा शाबूत आहेत, पण त्यांच्यावरचं आवरण झडत चाललंय. निरोप जातात, पण पोचत नाहीत." मला हे कोणी समजावून सांगायला नको. वरचं आवरण गेलेली केबल मी हातात घेतल्याबरोबर ओळखते.

"म्हणून तो बोलत नव्हता?" वहिनीने विचारलं.

"हो. बोलायची इच्छाच तयार होत नाही. चेहऱ्यावर भाव येत नाहीत. चाल बदलते, लघवीवर ताबा राहत नाही. घरच्यांना वाटतं, माणूस रुसलाय किंवा खचलाय."

मी विचारलं, "बरा होईल?"

"बरेच जण काही महिन्यांत सावरतात. सगळेच नाही. आणि सावरले तरी कुठवर, ते आज सांगता येत नाही."

मग मी ते विचारलं, जे विचारायला घाबरत होते. "आम्ही लवकर आणला असता तर? इथून नेताना सांगितलं होतं ना, वागण्यात फरक..."

"लवकर कळलं असतं. काळजी लवकर सुरू झाली असती. पण हे थांबवणारं औषध आमच्याकडे नाही. आठ दिवस आधी आणलं असतं तरी फार फरक पडला नसता. स्वतःला दोष देऊ नका."

वहिनीने पदराला डोळे पुसले. तिचं ओझं उतरलेलं मला दिसलं. माझं उतरलं नाही. फरक पडला नसता म्हणजे तो जाणारच होता. मग त्या आठ दिवसांत त्याच्यात जे काही शिल्लक होतं, "हं" म्हणण्यापुरतं, जिना उतरण्यापुरतं, माझ्या दारापाशी येण्यापुरतं, ते मी दाराआड उभी राहून संपू दिलं.

१२ नोव्हेंबर, रविवार

दादाचं सगळं रेकॉर्डिंग ओळीने लावून ऐकलं. डॉक्टरांनी विचारलं होतं, नक्की कधी सुरू झालं. त्यांना हवं ते मी त्यात दाखवू शकते. सोमवारी दादा आहे, शुक्रवारीही आहे. पुढच्या सोमवारी वाक्याच्या शेवटी आवाज जरासा बसतो. मंगळवारी शब्दांमध्ये खड्डे पडतात. मी ते खड्डे कापून, बुजवून, दोन्ही बाजू इतक्या सफाईने जोडल्या होत्या की कोणाला कळू नये. माझं काम चोख आहे. आजार पुसून टाकला मी.

जनरेटरची घरघर भिंतीपलीकडून ऐकणारी बाई आणि सख्ख्या भावाचा आवाज विझताना "जीव ओत" म्हणते. थू माझ्या कानांवर.

२८ नोव्हेंबर, मंगळवार

घरी आणलं. दादा पडून असतो. डोळे उघडे. बसवला की बसतो, झोपवला की झोपतो. भरवावं लागतं. बोलत नाही, अक्षरही नाही.

वहिनीने रजा टाकली, ती संपत आलीय. दुपारी मी बसायचं असं ठरलं. तिने मला औषधं, कूस बदलायच्या वेळा, गिळताना मान कशी धरायची, सगळं दाखवलं. मग दारात थांबून म्हणाली, "त्याच्याशी बोलत जा. डॉक्टरांनी सांगितलंय, ऐकू येत असेल." चपला चढवताना म्हणाली, "रडू नको त्याच्यासमोर. रडायचं तर माझ्यासमोर रड."

ती गेली. मग सायकलच्या भांडणापासून सुरुवात केली. चूक माझी होती, मी ती उतारावरून ढकलली होती आणि नाव त्याचं घेतलं होतं. तो छताकडे बघत होता.

१९ डिसेंबर, मंगळवार

प्रकाशकाचा फोन आला. कादंबरीला दुसरा आवाज लावू का, विचारत होता. बिचकत विचारत होता, वाईट माणूस नाही. मी "लावा" म्हटलं आणि फोन ठेवून दादाला सांगितलं. म्हटलं, "बघ, तुझ्या नाकावर टिच्चून दुसरा रखवालदार आणताहेत. तो बायकोला आत्याबाई म्हणतोय असं वाचणार, लिहून घे."

त्याच्या डोळ्यांची पापणी हलली. हसू नव्हतं ते. तरी मी वहिनीला फोन करून सांगितलं आणि तिने खिडकीवरची रांग थांबवून ऐकून घेतलं.

रोज बोलते आता. शिंप्याच्या उधाऱ्या, नळाची गळती, बाबा आणि काका शेवटी कसे बोलले, दवाखान्यात, तेही हवापाण्याबद्दल. कधी दमते, कधी चिडते, कधी म्हणते, बाबा रे, एकदा शिवी तरी घाल. मग पुन्हा बोलते.

१९ जानेवारी, शुक्रवार

"पाणी," म्हणाला.

मी आधी रेडिओ समजले. मग बघितलं तर तो पेल्याकडे बघत होता. मी इतकी धांदरट, की अर्धा पेला त्याच्या छातीवर सांडला. तो तोंड वाकडं करून म्हणाला, "गार."

दोन शब्द. वहिनी आल्यावर तिला म्हटलं, आज दादाने भाषण केलं. ती चपला न काढताच पलंगापाशी गेली आणि त्याच्या कपाळावर ओठ टेकवले. मी बाहेर गॅलरीत जाऊन उभी राहिले.

१० फेब्रुवारी, शनिवार

व्यायाम करून घ्यायला बाई येते, ती त्याला आता धरून उभं करते. खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चाललाय. घासतच चालतो. शब्द येतात, पण ओढून आणल्यासारखे. "नको" जास्त वेळा म्हणतो. वहिनी म्हणते, लग्न झालं तेव्हाही असाच होता.

डॉक्टर खूश आहेत. पण पूर्वीसारखं वाचेल का, असं विचारलं तर ते माझ्याकडे बघत नाहीत. मीही आता विचारत नाही.

२ मार्च, शनिवार

वहिनी कामावर गेली होती. मी दादाला खुर्चीत गॅलरीच्या दाराशी बसवलं आणि त्याची नखं कापायला घेतली. शिंप्याने नवं मशीन घेतलंय, ते काही केल्या त्याच्याने चालत नाही आणि जुनं परत काढून तो किती शिव्या घालतोय, असं काहीबाही सांगत होते. दादा माझ्याकडे बघत होता. हल्ली बघतो.

मग म्हणाला, "बारके."

हे नाव किती महिन्यांनी ऐकलं. मी हात थांबवला.

"तेव्हा... तू बोलत का नव्हतीस?"

"केव्हा रे?" मी म्हटलं. कळलं होतं तरी म्हटलं.

"जिन्यात... दिसायचीस. बोलायची नाहीस." एकेक शब्द शोधत होता. मध्ये मोठमोठ्या जागा पडत होत्या. मी एकही भरली नाही, थांबून राहिले.

"मला वाटलं, तू माझ्यावर रागावलायस," मी म्हटलं. "तो जनरेटर मी आत आणला होता. खोली बंद केली होती. माझ्यामुळे तुला हे सगळं झालं. म्हणून वाटलं, तू अबोला धरलायस. मग मीही धरला."

तो विचार करत राहिला. खालून मशीनची खडखड येत होती, मध्येच अडकत होती.

"आठवत नाही," म्हणाला. "मी रागावलो होतो?"

"नाही रे. नव्हतास."

त्याने मान हलवली. एवढं बोलून दमला होता, डोळे मिटायला लागले होते. मला वाटलं संपलं. मग डोळे तसेच मिटलेले ठेवून म्हणाला,

"मला वाटलं... माझंच काहीतरी चुकलं. म्हणून तू बोलत नाहीस."

त्याची करंगळी राहिली होती. मला दिसेना. तो हात तसाच पुढे धरून बसला होता.